मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा मिळाला, पण उजनीत पेरणी कोण करणार?

राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीच्या दराने वीज, शेतीच्या दराने कर्ज, विमा आणि नैसर्गिक आपत्तीत मदत असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. मागणी जुनी होती आणि निर्णय चांगलाच आहे. शेततळ्यात रोहू-कटला वाढवणारा शेतकरी, मत्स्यबीज केंद्र चालवणारा तरुण, शीतगृहवाला या सगळ्यांना त्याचा उपयोग पहिल्याच वीजबिलापासून कळेल.

तुम्ही मात्र उजनीच्या काठावर राहत असाल, तुमच्याकडे तळे नाही, वीजमीटर नाही, फक्त एक होडी आणि चार जाळी असतील, तर तुमच्या हाती काय आले? इंदापूर, करमाळा, दौंड, माढा या तालुक्यांत असा प्रश्न विचारणारी कुटुंबे भरपूर आहेत. काही पिढीजात भोई समाजाची, काही धरणात जमीन गेल्यावर पाण्याकडे वळलेली. या लेखात त्यांच्या बाजूने हिशेब मांडला आहे. विस्तार कार्यकर्त्यांनीही तो पाहावा, कारण पुढच्या बैठकीत त्यांना हेच विचारले जाणार आहे.

आधी जे मिळू शकते ते घ्या

कृषी दर्जाआधीपासून काही गोष्टी उपलब्ध आहेत आणि जलाशयातल्या मच्छीमाराने त्या अजून पुरत्या घेतलेल्या नाहीत. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही लागू आहे. त्यासाठी सातबारा लागतोच असे नाही. खुल्या पाण्यात मासेमारी करणाऱ्याकडे मासेमारीचा वैध परवाना हवा, हा मुख्य निकष आहे. बँकेच्या शाखेत 'जमीन नाही तर कार्ड नाही' असे उत्तर मिळाले, तर शांतपणे परवाना पुढे करा आणि अर्ज लेखी द्या. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या कृषी कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत आणि त्यात शेतीपूरक व्यवसायांची कर्जेही येतात. जाळी, होडीची डागडुजी, बर्फ यासाठी एवढी रक्कम पुरेशी ठरते. सावकाराकडून किंवा माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली, की भाव तोच ठरवतो, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट विम्याची. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वास अडीच लाख आणि अपघातानंतर रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजार रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती प्रवासी बोट होती. मात्र त्याच पाण्यात, त्याच वाऱ्यात तुम्ही पहाटे एकटे जाळे उचलायला जाता. विम्याचा फॉर्म आणि जीवरक्षक जाकीट या दोन्हींचा खर्च एका दिवसाच्या मासळीपेक्षा फार नाही. केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर नाव नोंदवून ठेवा. पुढच्या बऱ्याच योजनांची वाट तिथूनच जाणार आहे.

एवढे केले तरी मूळ प्रश्न राहतोच. कर्ज मिळाले, नवे जाळे आले आणि त्या जाळ्यात विकण्याजोगा मासाच आला नाही, तर काय?

उणे पाणी माशासाठी उणे नसते

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी. मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा असलेले हे धरण आहे आणि मासेमारीच्या दृष्टीने ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पाटबंधारेवाले 'धरण शून्यावर आले' म्हणतात, तेव्हाही माशाला निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक असते. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ते मृतसाठ्यात खोलवर गेले. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडले, लोक बघायला गेले. तरीही जलाशय कोरडा पडला नाही. मराठवाड्यातली कितीतरी लहान धरणे तळाला जातात आणि तिथे दरवर्षी मासा पहिल्यापासून वाढवावा लागतो. इथे दोन-तीन वर्षांचा मासा तगू शकतो.

म्हणजे जागा उत्तम आहे आणि पाणी बारमाही. खाद्यही भरपूर, किंबहुना नको इतके. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्या नद्यांचे पाणी भीमेतून इथेच येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी सोबत येते. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसते आणि उन्हाळ्यात पाणी हिरवेगार दिसते. उसाला खत दिल्यावर ऊस वाढतो, तसे हे पाणीही खत खाऊन बसलेले आहे. अशा पाण्यात मासा कमी पडायला नको. प्रत्यक्षात मासा कमी पडलेला नाही, माशाची जात बदलली आहे.

भिगवणच्या बाजारात पहाटे जाऊन उभे राहा. पाट्यांमध्ये सर्वांत जास्त काय असते? चिलापी. मरळ, वांब, शिंगटा, घोगऱ्या यांचे नाव निघाले की जुने मच्छीमार आठवणी सांगू लागतात. मोठा कटला आला तर त्याभोवती माणसे जमतात, यावरूनच तो किती दुर्मीळ झाला ते कळते.

चिलापी का जिंकली

चिलापी म्हणजे तिलापिया. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तिला शत्रू समजून शिव्या देण्याआधी तिचे जगणे समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. नर उथळ पाण्यात तळाला गोल खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि फलन झाले की ती अंडी स्वतःच्या तोंडात घेते. पिल्ले पोहू लागेपर्यंत ती तोंडातच सांभाळते, धोका दिसला की बाहेर आलेली पिल्ले पुन्हा तोंडात घेते. अंडी काही शेच असतात, पण त्यातली बरीच जगतात. पाणी उबदार असेल तर महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच. दाटी झाली की बोटाएवढ्या लांबीचा मासाही अंड्यावर येतो. शेवाळ खातो, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात टिकतो. सांडपाण्याने हिरव्या झालेल्या, वर्षात कितीतरी मीटर चढ-उतार होणाऱ्या जलाशयात यापेक्षा जास्त काय हवे?

आता कटला, रोहू, मृगळ यांच्याकडे पाहा. मादी एका हंगामात लाखांनी अंडी देते, पण साचलेल्या पाण्यात देतच नाही. तिला पावसाळ्यातले वाहते, चढते पाणी लागते. जलाशयात ती वाढते, वजन घेते, पण वंश वाढवत नाही. क्वचित वरच्या बाजूला, नदीचा पूर जलाशयाला मिळतो त्या पट्ट्यात प्रजनन होते, तेही पाऊस नेमका साधला तर. म्हणून तर प्रेरित प्रजननाला एवढे महत्त्व आहे. डॉ. हिरालाल चौधरी आणि सहकाऱ्यांनी १० जुलै १९५७ रोजी कटक येथे पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प माशांचे प्रजनन साधले. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. त्या शोधामुळे बीज केंद्रात तयार होऊ लागले आणि जलाशयात दरवर्षी सोडता येऊ लागले.

इथे शेतीशी तुलना अगदी नेमकी बसते. चिलापी हे तण नव्हे, पण तणासारखे आपोआप उगवते. कटला-रोहू हे पेरावे लागणारे पीक आहे. ज्या वर्षी पेरणी नाही, त्या वर्षी पीक नाही. पेरणी झाली आणि कोवळे रोपच कापून नेले, तरीही पीक नाही.

शंभर बोटुकल्यांचा हिशेब

जलाशयात सोडण्याजोगी बोटुकली म्हणजे आठ ते दहा सेंटिमीटरचे पिल्लू. त्याचे वजन साधारण दहा ग्रॅम धरा. बारीक आसाच्या ओढजाळ्यात अशी शंभर पिल्ले आली तर एक किलो मासळी झाली. ती सुकवून विकतात किंवा कोणाच्या तरी खाद्यात जाते. भाव किती मिळतो, ते तुम्हाला माहीत आहे.

हीच शंभर पिल्ले वर्षभर पाण्यात राहिली असती तर? समजा पंचाहत्तर मेली. मोठ्या मासळीने खाल्ली, पक्ष्यांनी टिपली, रोगाने गेली. पंचवीस उरली. अशा पोसलेल्या पाण्यात वर्षभरात कटला एक किलोच्या आसपास जायला हरकत नाही. म्हणजे पंचवीस किलो, तेही चांगल्या भावाचे. कमी धरा, पंधराच जगली आणि पाऊण किलोच भरली, तरी अकरा किलो होतात. एक किलो सुकटीसाठी अकरा ते पंचवीस किलो कटला आपण घालवतो.

मग लोक असे का करतात? अडाणी आहेत म्हणून नाही. शेताला बांध असतो. तुम्ही आज हरभरा उपटला नाही तर उद्याही तो तुमचाच असतो. पाण्याला बांध नाही. मी पिल्लू सोडले तर ते वर्षभराने माझ्याच जाळ्यात येईल, याची खात्री नाही. उद्या दुसरा नेणार असेल तर आज मीच नेतो, हा विचार स्वार्थी वाटला तरी त्यात हिशेब आहे. पेरणारा एक (शासन, संस्था किंवा ठेकेदार) आणि कापणारे हजार, अशी ही शेती आहे. कृषी दर्जाच्या निर्णयाने या गोष्टीला हात घातलेला नाही. वीजदर कमी केल्याने तो घातला जाणारही नाही.

देशभरात हेच दिसते. पाच हजार हेक्टरपेक्षा मोठ्या जलाशयांना मोठे जलाशय म्हणतात. १९९५ मध्ये देशातील जलाशयांचा जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अशा जलाशयांचे सरासरी उत्पादन हेक्टरी वर्षाला ११ किलोच्या आसपास निघाले होते. लहान जलाशयांचे सुमारे ५० किलो होते. पाणी लहान असले की पेरलेले सापडते, राखणही जमते. पाणी मोठे झाले की पेरलेले हरवते.

आस मोजायचा कसा

बारीक जाळ्यांवरून उजनीत अनेकदा आंदोलने झाली, कारवाया झाल्या, जाळी जप्त झाली, जाळली गेली आणि काही दिवसांनी पुन्हा पाण्यात दिसली. माझ्या मते या वादात निम्मा गोंधळ मोजमापाचा आहे. जाळ्याचा आस दोन प्रकारे सांगतात. एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत मोजला तर एक आकडा येतो. आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींतले अंतर मोजले तर बरोबर दुप्पट येतो. गाठ ते गाठ ३० मिलिमीटर म्हणजे ताणून ६० मिलिमीटर. दुकानदार एक सांगतो, परवान्यावर दुसरे लिहिलेले असते आणि तपासणीला आलेला तिसरेच मोजतो. तुमच्या परवान्याच्या अटीत कोणते माप धरले आहे ते आधी विचारून घ्या आणि संस्थेच्या खोलीत एक लोखंडी पट्टी टांगून ठेवा. भांडण तिथेच मिटते.

कोणत्या आसात कोणता मासा अडकेल, हे काढायला पुस्तक लागत नाही. कल्ल्यात अडकवणाऱ्या उभ्या जाळ्याच्या एका आसाला चार बाजू असतात. गाठ ते गाठ ३५ मिलिमीटर असेल तर घेर १४० मिलिमीटर. ज्या माशाच्या अंगाचा सर्वांत जाड भागाचा घेर १४ सेंटिमीटरपेक्षा कमी, तो आरपार निघून जातो. गाठ ते गाठ १५ मिलिमीटरच असेल तर घेर ६ सेंटिमीटर होतो आणि नुकतीच सोडलेली बोटुकलीही त्यात गुंतते. दोरीचा तुकडा घेऊन बाजारातल्या चार माशांचे घेर मोजा, चार जाळी तपासा. अर्ध्या तासात गावाला समजेल अशी गोष्ट आहे.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. रोजची चूल चिलापीवर पेटते. पाव किलोची चिलापी धरायला जो आस लागतो, त्यात अर्धवट वाढलेला कटलाही सापडतो, कारण दोन्ही अंगाने रुंद. फक्त मोठ्या आसाची सक्ती केली तर चिलापी सुटेल, वाढेल आणि कटल्याचे खाद्य खाईल. त्यामुळे 'मोठा आस सगळीकडे, वर्षभर' हा नियम कागदावर सोपा आणि पाण्यात चुकीचा आहे. मला जे व्यवहार्य वाटते ते असे: बारीक आसाचे ओढजाळे पूर्ण बंद. ते निवड करत नाही, जे समोर येईल ते गोळा करते. मध्यम आसाचे उभे जाळे चिलापीसाठी चालू, पण बीज सोडलेल्या पट्ट्यात सोडल्यापासून तीन-चार महिने नाही. खोल पाण्यात मोठा आसच. पाग टाकणाऱ्याला त्रास देऊ नका. एकटा माणूस काठावरून पाग टाकून जलाशय रिकामा करत नाही. तपासणीला आलेले लोक मात्र बहुतेक वेळा त्यालाच पकडतात, कारण तो सापडतो.

चिलापी भरपूर पकडा, लहान-मोठी सगळी. तिची घट होणार नाही.

हिमाचलच्या गोविंदसागरचे काय

मोठ्या पाण्यात शिस्त येऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. सतलजवरील भाक्रा धरणाचा गोविंदसागर हा देशातल्या मोठ्या जलाशयांत मत्स्योत्पादनात आघाडीवर राहिला आहे. तिथेही परका मासा घुसला. १९७१ च्या पुरात एका मत्स्यबीज केंद्रातून चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प निसटून जलाशयात गेला आणि पुढे त्याने कटल्याला मागे टाकले. म्हणजे आपल्यासारखीच गोष्ट. फरक व्यवस्थेत आहे. मासेमारी सहकारी संस्थांच्या सभासदांकडून होते, मासळी ठरलेल्या ठिकाणी उतरते, तिथे तिचे वजन होते आणि जातवार नोंद होते. पावसाळ्यात दोन महिने राज्यभर मासेमारी बंद असते आणि ती खरोखर पाळली जावी म्हणून त्या काळात काठावर गस्त असते.

हिमाचलची शिस्त उचलून उजनीत आणता येईल, असे मी म्हणत नाही. तिथे काठावर लोक कमी, मासळी उतरवण्याच्या जागा मोजक्या. इथे सोलापूर, पुणे आणि थोडा अहिल्यानगर असे तीन जिल्हे काठाला लागतात. प्रत्येक गावाच्या बांधावरून होडी पाण्यात जाते. पण एक गोष्ट नक्की घेता येईल, ती म्हणजे वजनाची नोंद. कोणत्या महिन्यात कोणती जात किती उतरली, हे काठावरच्या चार मोठ्या बाजारांत जरी लिहिले गेले, तरी बीज सोडल्याचा फायदा झाला की नाही ते दोन वर्षांत कळेल. आज बीज सोडल्याचे फोटो असतात, उतरलेल्या मासळीचा कागद नसतो.

बंदीच्या काळात घर कसे चालवायचे, हा प्रश्न रास्तच आहे. मत्स्यसंपदा योजनेत बंदी किंवा मंदीच्या काळासाठी मच्छीमार कुटुंबाला मदतीची तरतूद आहे. लाभार्थ्याचे १५०० आणि शासनाचे ३००० असे मिळून तीन महिन्यांना ४५०० रुपये. महिन्याला दीड हजारात घर चालत नाही. बंदी पाळा असे सांगणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवूनच सांगावे.

पिंजरा घ्यावा का

कृषी दर्जानंतर पिंजऱ्यांची चौकशी वाढणार. पिंजऱ्यात मासा बंदिस्त असतो, म्हणजे बांधाचा प्रश्न सुटतो. पेरणारा आणि कापणारा एकच. योजनेत एका पिंजऱ्याचा खर्च तीन लाख रुपये धरला आहे आणि सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. पिंजरा सामान्यतः ६ बाय ४ मीटर आणि खोली ४ मीटर.

अर्ज करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, मे महिन्यातले पाणी. ऑक्टोबरमध्ये जागा निवडली आणि मेमध्ये पिंजरा चिखलात बसला, तर सगळे गेले. पिंजऱ्याच्या तळाखाली उन्हाळ्यातही काही मीटर पाणी हवे. म्हणजे काठापासून बरेच आत जावे लागेल, मग रोज होडी, राखण, वाऱ्याचा मार. दुसरी, पहाटेचा प्राणवायू. हिरवे पाणी दिवसा प्राणवायू देते आणि रात्रभर खाते. पहाटे तो सर्वांत कमी असतो. मोकळा मासा चांगल्या पाण्याकडे जातो, पिंजऱ्यातला कुठे जाणार? पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसले की खाद्य ताबडतोब थांबवा आणि दाटी कमी करा. खर्चाचा मोठा भाग खाद्याचा असतो, त्यामुळे किसान क्रेडिट कार्डाचा खरा उपयोग इथे होईल. मात्र पहिल्याच वर्षी दहा पिंजरे टाकू नका.

आफ्रिकन मागूर कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. त्याच्या संवर्धनावर २००० पासून देशात बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो नष्ट करण्याचे आदेश दिले. तो तळ्यातून ओल्या जमिनीवरून सरकत बाहेर पडतो आणि इतर मासे फस्त करतो. उजनीच्या काठावर एका शेततळ्यात पाळलेला मागूर एका पुरात जलाशयात जाईल.

काठावरच्या शेतकऱ्यांसाठी

तुमच्यापैकी अनेक जण मासेमारी करत नाहीत, पण पाणी उतरले की गाळपेर जमीन कसतात, जलाशयात मोटारी टाकतात. चिलापीचे खळगे आणि मरळीची पिल्ले त्याच उथळ काठावर असतात. तिथे फवारणी केल्यावर पंप जलाशयात धुऊ नका, औषधाच्या बाटल्या तिथे टाकू नका. काही कीटकनाशके, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली, पाण्यात अत्यंत कमी प्रमाणातही माशाला मारतात. पुण्याच्या सांडपाण्यावर आपण बोलतो ते योग्यच, पण आपल्या बांधावरचा पंप आपल्याच हातात आहे.

बीज सोडण्याच्या दिवशी

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक सूचना, जिला वेगळा निधी लागत नाही. बीज येणार त्या दिवशी गावातले किमान पाच मच्छीमार हजर ठेवा. गाडी आली की आधी लांबी मोजा. आठ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ती बोटुकली नाही, अर्धबोटुकली आहे आणि मोठ्या जलाशयात तिचा निभाव लागत नाही. असे बीज आलेच तर काठालगत बारीक जाळीचा घेर करून महिना-दीड महिना वाढवा, मग सोडा. मोजणीसाठी एक गाळणीचा पेला ठरवा, एका पेल्यातली पिल्ले प्रत्यक्ष मोजा, तीन वेळा मोजून सरासरी काढा आणि पेले मोजत जा. पिशव्या पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ द्या, मग तोंड उघडून जलाशयाचे थोडे पाणी आत घ्या आणि पिल्लांना स्वतःहून बाहेर जाऊ द्या. उन्हाच्या वेळी नको. सगळे बीज एकाच घाटावर ओतू नका, ओढजाळेवाल्याला तेच हवे असते. तारीख, ठिकाण, जात, लांबी आणि संख्या एका कागदावर लिहून हजर असलेल्या मच्छीमारांच्या सह्या घ्या आणि त्याची एक प्रत बाजारात, वजनकाट्याशेजारी लावा.